गाठ गोठवून घ्यायला जाताय? घरच्यांसाठी तयारी आणि प्रश्न

आमच्या सीटीच्या खोलीत क्रायोॲब्लेशनसाठी, म्हणजे सुई घालून गाठ गोठवण्यासाठी, रुग्ण आला की मी त्याला आधी विचारते, "एका बोटानं दाखवा, नक्की कुठं दुखतं?" कोणी खुब्याच्या वर बरोबर एका जागी बोट ठेवतं. कोणी कंबरेपासून पाठीपर्यंत अख्खा तळवा फिरवतं. जे बोट ठेवतात, त्यांना या उपचाराचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते. तळवा फिरवणाऱ्यांबद्दल डॉक्टरांशी पुन्हा बोलायला हवं असतं, कारण गोठवणं हा एका जागेचा, फार तर दोन जागांचा उपचार आहे. अंगभर पसरलेल्या दुखण्याला औषधं आणि रेडिएशन हेच मार्ग उरतात.

म्हणून तयारी घरापासूनच सुरू करा. आठवडाभर एक वही ठेवा. कधी दुखलं, कुठं दुखलं, कुठल्या हालचालीनं दुखलं (कूस बदलताना, जिना चढताना, शौचाला बसताना), शून्य ते दहामध्ये किती दुखलं, मॉर्फिनची गोळी किती वाजता घेतली, हे सगळं त्यात लिहा. "खूप दुखतं" एवढं ऐकून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. "रात्री डाव्या कुशीवर वळलं की आठ, सरळ झोपलं की तीन" असं सांगितलं, तर ते स्कॅनवरच्या डागाशी जुळवून पाहता येतं. हाडातल्या दुखऱ्या गाठींवर झालेल्या अभ्यासांत सर्वाधिक वेदना चार किंवा त्याहून जास्त असलेले रुग्ण घेतले होते. दोन-तीनवर दुखत असेल तर आधी गोळ्या नीट बसवून घेतलेल्या बऱ्या.

डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: हे दुखणं कमी करण्यासाठी करताय की गाठ संपवण्यासाठी? दोन्ही उद्देशांनी हा उपचार होतो, पण मनाची तयारी वेगवेगळी लागते. स्तन, फुप्फुस किंवा मूत्रपिंडाचा कॅन्सर हाडात उतरला असेल, तर बहुतेक वेळा दुखणं कमी करणं हाच हेतू असतो, आणि मूळ आजाराची औषधं चालूच राहतात. डेस्मॉइड नावाची मऊ ऊतींमधली गाठ असते. ती दूर कुठं पसरत नाही, पण जागच्या जागी चिवटपणे वाढते. फ्रान्समध्ये अशा ५० रुग्णांच्या गाठी गोठवल्या आणि वर्षभरानंतर ८६ टक्के रुग्णांमध्ये गाठ वाढलेली नव्हती.

हात-पायाचा सार्कोमा (हाडात किंवा मऊ ऊतींतच सुरू होणारा कॅन्सर) नव्यानं सापडला असेल आणि ऑपरेशननं पूर्ण निघण्यासारखा असेल, तर सुईच्या उपचाराच्या ओढीनं ऑपरेशन टाळू नका. हे मी कळकळीनं सांगते, कारण "चिरफाड नको" म्हणून लोक धावत येतात. हाडाच्या सार्कोमात गोठवण्याचा आणखी एक प्रकार आहे. जपानच्या कानाझावा विद्यापीठात तो १९९९ पासून वापरात आला. गाठीचं हाड बाहेर काढतात, द्रवरूप नायट्रोजनमध्ये २० मिनिटं बुडवतात आणि तेच हाड परत बसवतात. ते मोठं ऑपरेशन आहे, आमच्या सुईशी त्याची गल्लत करू नका.

आता सुईचं. ती जेमतेम दीड ते अडीच मिलिमीटर जाडीची असते. आत दाबाखालचा आर्गॉन वायू टोकाशी येऊन एकदम पसरतो आणि टोक उणे शंभर अंशांच्याही खाली जातं. साधारण दहा मिनिटं गोठवायचं, मग वितळू द्यायचं, मग पुन्हा दहा मिनिटं गोठवायचं. दुसरी फेरी टाळत नाहीत, कारण गोठलेल्या पेशी वितळतानाही फुटतात. सीटीवर सुईभोवती गडद, अंडाकृती सावली वाढत जाते. तोच बर्फाचा गोळा. तो डोळ्यांना दिसतो ही या पद्धतीची माझ्या मते सगळ्यात मोठी जमेची बाजू. मात्र गोळ्याच्या कडेला तापमान शून्याच्या आसपास असतं. पेशी खात्रीनं मरायला उणे वीस ते चाळीस लागतं, आणि ते कडेपासून काही मिलिमीटर आत मिळतं. गाठ संपवायची असेल, तर गोळा तिच्या बाहेर किमान अर्धा सेंटिमीटर गेला पाहिजे.

पुढचा प्रश्न इथूनच निघतो: त्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये काय आहे? नस (म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे), आतडं, मूत्राशय, त्वचा? आतडं जवळ असेल तर मधे सलाइन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून ते बाजूला सारतात. गाठ कातडीजवळ असेल तर आम्ही निर्जंतुक हातमोज्यात कोमट सलाइन भरून तो वर ठेवतो आणि गार झाला की बदलतो. पायाकडे जाणारी मोठी नस शेजारी असेल, तर पाऊल उचलण्याची ताकद कमी होण्याचा धोका किती, हे स्पष्ट विचारा. सहीच्या कागदावर ते छापलेलं असतं, पण तोंडून ऐकून घ्या.

हाड वजन पेलणारं आहे का, हेही विचारा. मांडीचं हाड, खुब्याची वाटी, मणका या जागा गोठवल्यावर कमजोर राहू शकतात, म्हणून त्याच बैठकीत हाडाला आधार देणारं वैद्यकीय सिमेंट भरायचं का ते आधी ठरवतात. खर्चाच्या अंदाजपत्रकात किती सुया धरल्यात तेही लिहून घ्या. सुया एकदाच वापरायच्या असतात आणि बिलाचा मोठा भाग त्यांचाच असतो. मोठ्या गाठीला तीन-चार सहज लागतात. आकडा आधी कळला तर विम्याच्या मंजुरीत ऐनवेळी धावपळ होत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. नुकतीच केमो झाली असेल तर प्लेटलेट ताज्या तपासा, साधारण पन्नास हजारांच्या खाली असतील तर तारीख पुढं जाते. आदल्या रात्री हलकं जेवा. भुलीच्या आधी सहा तास काही खायचं नाही, पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण भूलतज्ज्ञ सांगतील तेच अंतिम. दुखण्याची नेहमीची गोळी मात्र विचारून घ्या. उपाशीपोटी ती चुकली तर टेबलावर सरळ झोपणंच अशक्य होतं.

घरी आल्यावर पहिले काही दिवस दुखणं वाढू शकतं. जागा सुजते, बधिरही वाटते. "फायदाच झाला नाही" असं तिसऱ्या दिवशी ठरवू नका. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६१ रुग्णांच्या अभ्यासात सर्वाधिक वेदना सरासरी ७.१ होती. आठवड्यानं ती ५.१ झाली, आणि २४ आठवड्यांनी १.४. उतार हळू असतो. वही चालू ठेवा आणि गोळ्या डॉक्टरांना विचारून पायरीपायरीनं कमी करा. पायावर भार द्यायचा की वॉकर घ्यायचा, हे सुट्टीच्या कागदावर लिहून मागा.

ताप, जागेतून पू, पाऊल लुळं पडणं, कातडी काळी पडणं, लघवी गडद होणं, किंवा पाय टेकताना अचानक जीवघेणी कळ, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच फोन करा. पुढच्या स्कॅनला मात्र जुन्या सीडी आणि फिल्म बरोबर न्या. गोठलेल्या जागेभोवती सुरुवातीला सुजेची कड दिसते आणि जुनं चित्र शेजारी नसेल तर ती उरलेल्या गाठीसारखी वाटू शकते.