चार खिडक्या, कारकून एकच

लिनक्सच्या बॅकअप सर्व्हरवरून फायली पाठवायला लागलो की वेग अडायचा. टॉप (प्रोसेसरवरचा भार दाखवणारी कमांड) उघडून प्रत्येक कोअर वेगळा दिसावा म्हणून 1 दाबलं, तर प्रोसेसरच्या चारपैकी तीन कोअर निवांत आणि पहिल्याचा ‘एसआय’ (सॉफ्टवेअर इंटरप्टमध्ये जाणारा वेळ) शंभर टक्क्यांना टेकलेला. त्याआधी माझी केबल बदलून झाली होती, उगाच.

खरा प्रकार /proc/interrupts या फाइलीत दिसला; तिथे प्रत्येक कोअरला एक रकाना असतो. नेटवर्क कार्डाला चार ट्रान्समिट क्यू (पाठवायच्या पॅकेटांच्या रांगा), चार वेगळे इंटरप्ट (प्रोसेसरला ‘इकडे बघ’ सांगणारे इशारे). पण चारही ओळींचे आकडे फक्त पहिल्या रकान्यात वाढत होते.

प्रत्येक इंटरप्टच्या एसएमपी अ‍ॅफिनिटीत (तो कोणत्या कोअरने हाताळायचा, ही सेटिंग) मास्क, म्हणजे कोअर निवडणारे आकडे, लिहिले: 1, 2, 4, 8. आकडा हेक्समधला, एक बिट म्हणजे एक कोअर. मी आधी ‘तिसरा कोअर’ म्हणून 3 लिहिलं होतं. ते निघालं पहिला आणि दुसरा मिळून!

थोड्या वेळाने बघतो तर मास्क पुन्हा जुनेच. आयआरक्यूबॅलन्स ही सेवा इंटरप्ट आपोआप कोअरांमध्ये वाटते; तिच्या सेटिंगमध्ये कुणीतरी (बहुधा मीच) बाकीचे कोअर वर्ज्य करून ठेवले होते. ती सेवाच बंद केली. मग एक्सपीएसलाही (कोणत्या कोअरने कोणती ट्रान्समिट क्यू वापरायची ते ठरवणारी सेटिंग) तेच मास्क दिले, म्हणजे ज्या कोअरवरून पॅकेट निघतं, त्याच कोअरच्या क्यूत ते जातं.

आता चारही रकाने हलतात. रीबूट झालं की हे सगळं उडतं, म्हणून छोटी स्क्रिप्ट लावून ठेवलीय.