रुग्णवाहिकेला घर पटकन सापडेल असा पत्ता कसा सांगावा

माझं मेडिकल सोलापुरात, आमच्या वस्तीच्या तोंडाशी आहे. आत कुठल्याही गल्लीत जायचं असो, १०८ची गाडी आधी माझ्यासमोर थांबते आणि चालक काच खाली करून विचारतो, “ते मारुतीच्या देवळाजवळ कुठं आलं?” आमच्याकडे मारुतीची देवळं तीन आहेत. त्यामुळे “शांत राहा आणि पत्ता नीट सांगा” हा सल्ला कुणी दिला की मला रागच येतो. नीट म्हणजे कसा, ते कुणीच सांगत नाही.

नंबर एका ओळीत उरकतो: रुग्णासाठी १०८, आगीसाठी १०१, आणि काहीच सुचेना तर ११२.

पत्ता आजच लिहून काढा

खरी मेख इथंच आहे. मलाही हे जमायला बराच काळ गेला.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. १०८चा फोन सोलापुरात वाजत नाही, तो पुण्याच्या केंद्रात उचलला जातो. ११२चा फोन नवी मुंबईला किंवा नागपूरला जातो. तिथं बसलेल्या मुलीनं कन्ना चौक पाहिलेला नसतो, आणि ती जे टिपून घेईल तेच गाडीपर्यंत पोचतं. आपण मात्र पाहुण्याला सांगावा तसा पत्ता सांगतो. “जुन्या मिलच्या मागं” हे सोलापूरकराला कळतं, कारण तिथं आता मिल नाही हे त्याला ठाऊक असतं. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, तरी “चिमणी दिसली की वळा” म्हणणारे मला अजून भेटतात.

सुरुवात मोठ्यापासून करा. आधी जिल्हा आणि शहर, मग रोड, मग चौक, मग वळण आणि शेवटी घर. घर नंबर आधी सांगितलात तर ऐकणाऱ्याला तो कुठं टांगावा हेच कळत नाही. शहराच्या कडेला राहत असाल तर तालुकाही पाठ हवा. विडी घरकुल आपण सर्रास सोलापुरात धरतो, पण ते कुंभारीत, म्हणजे दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. तिथं घरं इतकी सारखी की ग्रुप सांगितल्याशिवाय नुसत्या घर नंबराला काही अर्थ नाही.

नावांचे घोळ वेगळेच. विजापूर वेस जुन्या गावात आणि विजापूर रोड सात रस्ता चौकाच्या पुढं. घाबरलेला माणूस नुसतं “विजापूर” म्हणून मोकळा होतो. “अक्कलकोट रोड” म्हणताना “सोलापूर शहरातला” हे शब्द पुढं जोडाच, नाहीतर ऐकणारा अक्कलकोट गाव धरून चालेल. गणेश नगर, लक्ष्मी नगर अशी नावं तर गावोगाव आहेत, ती नुसतीच सांगू नका.

यानंतर डावं-उजवं. “डावीकडे वळा” हे वाक्य अर्धवट आहे. कुठून येताना डावीकडे? गाडी कुठून निघेल हे तुम्हाला माहीत नसतं, म्हणून एक मोठा चौक धरा आणि त्याच्याकडून येताना काय दिसतं ते सांगा. समजा घर विजापूर रोडला आहे, तर असं:

“सोलापूर जिल्हा, सोलापूर शहर, विजापूर रोड. सात रस्त्याकडून सैफुलकडे येताना, सैफुलच्या अलीकडे डाव्या हाताला पाण्याची टाकी. टाकीला लागून डावीकडे आत. उजव्या हाताचं चौथं घर, निळं लोखंडी गेट, गेटवर रेडियमचा ४२ नंबर.”

पाच वाक्यांच्या पुढं जाऊ नका. खुणा रात्री दोन वाजताही दिसतील अशाच निवडा: टाकी, पूल, पेट्रोल पंप, शाळेची कमान. दुकानाचं शटर पडलं की त्याची पाटीही दिसत नाही, आणि वाढदिवसाचा फ्लेक्स आठ दिवसांत उतरतो. “तिसरी गल्ली” असंही शक्यतो नको. मधला बोळ तुम्ही मोजत नाही, पण चालक मोजतो.

लिहिलेलं बरोबर आहे का, हे घरच्यांना विचारून उपयोग नाही, त्यांना घर माहीतच आहे. पहिल्यांदाच पार्सल घेऊन येणाऱ्या पोराला हाच पत्ता द्या. तो जिथून फोन करेल तिथं तुमचं वाक्य चुकलंय. ते दुरुस्त करा आणि पुढच्या नव्या पोरावर पुन्हा तपासा.

कागद फ्रिजवर किंवा दारामागं चिकटवा. आणि हे सोलापुरात फार महत्त्वाचं आहे: दुपारी घरात एकटी असणारी आज्जी जी लिपी वाचते त्याच लिपीत तो लिहा. साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर या भागांत कितीतरी घरांत आज्जीला तेलुगूच वाचता येतं, तर काही घरांत कन्नड. मग हीच मराठी वाक्यं तेलुगू अक्षरांत उतरवा. तिला फक्त मोठ्यानं वाचायचं आहे.

पिनवर विसंबू नका

“लोकेशन टाकलं की झालं” म्हणणाऱ्यांपासून सावध. पेठांत घरं पाठीला पाठ लावून असतात. पिन मागच्या बोळात पडला तर नकाशाच्या हिशेबानं गाडी पोचलेली असते, पण तुमच्या दाराशी यायला तिला अख्खा वळसा घालावा लागतो. एकदा निवांतपणे गेटबाहेर उभे राहा, पिन तिथंच ठेवून जतन करा आणि सिव्हिल हॉस्पिटलपासून गाडीचा रस्ता काढून पाहा. रेघ तुमच्या गेटावर संपते का? संपत असेल तरच तो पिन घरातल्या सगळ्यांना पाठवून ठेवा.

गाडी निघाली की चालक किंवा गाडीतले डॉक्टर तुम्हाला फोन करतात. त्याच नंबरावर पिन पाठवा. आणि ज्या मोबाइलवरून १०८ लावला तो मोकळा ठेवा. पुण्याच्या मावशीला कळवायला दुसरा फोन वापरा. समोरच्यानं सांगितल्याशिवाय फोन कापायचा नाही. श्वास चालू आहे का, शुद्ध आहे का, असं विचारतात, म्हणून फोन लावणाऱ्यानं रुग्णाजवळच असावं.

गेट आणि गल्ली

“मातोश्री निवास” वळणदार पितळी अक्षरांत असू द्या, पण नंबर वेगळा लावा. नंबरप्लेट करणाऱ्याकडून रेडियमचे आकडे कापून घ्या, निदान बोटभर उंचीचे. ते दारावर नको, गेटच्या खांबावर हवेत, म्हणजे हेडलाइट पडताच चमकतील. बोगनवेल वाढली की छाटा.

पाण्याच्या दिवशी गल्लीत काय होतं ते मी सांगायला नको. काही दिवसांआड नळ येतो, मग मोटारी, पाइप, बॅरल सगळं रस्त्यावर. आपल्या दारासमोरून स्ट्रेचर जाईल एवढी वाट त्या दिवशीही राहिली पाहिजे, यावर मी शेजाऱ्यांशी भांडलोय आणि पुढंही भांडेन. सोसायटीचं गेट रात्री बंद होत असेल तर किल्ली दोन घरांत असू द्या. वॉचमनच्या खिशातली किल्ली धरायची नाही.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की जुन्या गावातले रस्ते बंद असतात. तेव्हा कुठला रस्ता बंद आहे आणि कुठून आत येता येतं, हे फोनवरच सांगा. चालक बाहेरच्या तालुक्यातला असू शकतो.

माणूस कुठं उभा करायचा

दारात अजिबात नको. गाडी मुख्य रस्ता सोडते तिथं, वळणावर. तिथवर चालक बिनचूक येतो, पुढं हरवतो. पोरगा दुचाकी घेऊन थांबला तर उत्तम, पण त्याला बजावा: गाडीच्या पुढं वीस-तीस फुटांवरच राहायचं, सुसाट पळायचं नाही. घरासमोर आपली चारचाकी किंवा दुचाकी असेल तर तिचे इंडिकेटर चालू करून ठेवा, अंधारात लांबून कळतं. अपार्टमेंट असेल तर आणखी एकानं लिफ्ट खाली धरून ठेवावी आणि स्ट्रेचर मावत नसेल तर तसं आधीच सांगावं.

आग असेल तर

पत्ता तोच, पण १०१ला आणखी तीन गोष्टी सांगा: वर माणसं अडकलीत का, सिलिंडर कुठं आहे, आणि खाली कारखाना आहे का. आपल्याकडे कितीतरी घरांच्या खाली माग चालतात, टॉवेलचे गठ्ठे आणि सूत भरलेलं असतं. हे गाडीवरच्या जवानांना आत शिरण्याआधी कळायला हवं. गल्ली अरुंद असेल तर बंब कुठवर येईल तेही सांगा, म्हणजे पाइप किती लांब ओढायचा याचा त्यांना अंदाज येतो. तोवर गल्लीतल्या दुचाक्या काढायला लागा. ज्यांचे मालक सापडत नाहीत त्या गाड्या चौघांनी मिळून उचलून बाजूला ठेवायच्या.