सकाळच्या धारेनंतर, संध्याकाळच्या धारेआधी : बचत गटाची सहल कशी काढावी

आमचा गट १४ जणींचा. गाव फलटण तालुक्यात, निम्म्या घरांत गाई-म्हशी, पाच जणी रोजंदारीने शेतात जाणाऱ्या. मी गटाची सचिव, प्रोसिडिंग मीच लिहिते. हप्ते, व्याज, अंतर्गत कर्ज सगळं वेळेवर चालायचं, पण बैठकीला बायका यायच्या, सही करायच्या, पैसे टेकवायच्या आणि उठायच्या. शेजारी बसलेलीच्या घरात काय चाललंय याचा पत्ता नसायचा. म्हणून सहल काढायचं ठरवलं, आणि पहिल्याच सहलीला माझं चुकलं.

प्रतापगड, महाबळेश्वर, पाचगणी आणि येताना वाईचा ढोल्या गणपती, एवढं सगळं मी एका दिवसात बसवलं होतं. पहाटे चारला निघालो आणि रात्री पावणेबाराला गावात आलो. आमच्यातल्या एका वहिनींची म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही. सासरे दोनदा बसून उठले, म्हैस लाथा झाडत राहिली आणि संध्याकाळचं दूध बुडालं. त्या वहिनी पुढची दोन वर्षं सहलीला आल्या नाहीत. दोष त्यांच्या घरच्यांचा नव्हता. नियोजन मी माझ्या सोयीनं केलं होतं, माझ्या दारात जनावर नाही.

तेव्हापासून एकच धरून चालते : जिला घरातून निघणं सगळ्यात अवघड आहे, तिच्या सोयीनं सहल आखायची. बाकीच्या येतातच.

तारीख ठरवताना

तारीख बैठकीत, सगळ्यांसमोर ठरवा, फोनवर ठरवू नका. फोन नवऱ्याकडे असलेल्या बाया आमच्यात तिघी आहेत, त्यांच्यापर्यंत निरोप अर्धाच पोचतो. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ बरा, ऊन नसतं. पण त्यातही कांद्याची लागण कधी, पाण्याची पाळी कुणाची, घरातल्या पोरांची परीक्षा कधी, हे एकेकीला विचारून घ्या. कॅलेंडर मधे ठेवायचं आणि जिला जो दिवस जमणार नाही त्यावर तिनं पेन्सिलीनं फुली मारायची. ज्या तारखेवर फुली नाही ती आपली.

रोजंदारीवर जाणाऱ्यांची अडचण सगळ्यात शेवटी कळते, कारण त्या बोलत नाहीत. सहलीचा खर्च त्या कसाबसा भरतात, पण त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. आमच्याकडे बाजारच्या दिवशी मजुरीला सुट्टी असते, म्हणून आम्ही तोच वार धरतो. मग आठवड्याचा बाजार कोण करणार? जिच्या घरचं कुणी बाजाराला जाणार आहे, ते आणखी दोन घरांची पिशवी आणतं. यादी आदल्या रात्री लिहून द्यायची.

वेळ मात्र पक्की : सकाळी डेअरीला दूध घालून साडेसातला निघायचं, सहाच्या आत दारात. यात दोन ठिकाणं होतात, फार तर. तिसऱ्याचा हट्ट धरणारी कुणीतरी असतेच, तिला पुढच्या वर्षीचा शब्द द्या.

पैसे

गटाच्या बचतीला आणि फिरत्या निधीला सहलीसाठी हात लावायचा नाही. तो पैसा कर्जवाटपासाठी आहे, एकदा त्यातून प्रवासखर्च गेला की हिशोबात भांडण आलंच. आम्ही सहलीची वेगळी वही केली आहे. दर महिन्याला ३० रुपये, वर्षाचे ३६०, चौदा जणींचे ५,०४०. एकदम ३६० मागितले तर चार जणी गळतील, महिन्याला ३० कुणाला जड जात नाहीत. ही वही आणि पैसे अध्यक्ष-सचिव सोडून तिसरीकडे द्या. पैसे सांभाळायची एकीला सवय होते आणि आपल्यावरचा संशयही टळतो.

जायचं कशानं

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, आणि ७५ वर्षांवरच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. आमच्या गटात एक आजी ७८ वर्षांच्या आहेत, त्यांचं आधारकार्ड मी आदल्या दिवशीच माझ्या पिशवीत घेते. सवलत राज्याच्या हद्दीतच चालते, आणि ठरवलेल्या खासगी गाडीला ती अर्थातच नाही. म्हणून सरळ रस्त्यावरचं ठिकाण असेल तर एसटीच घ्या. फक्त आगारात जाऊन परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा विचारून, कागदावर लिहून आणा.

आडवाटेला जायचं तर गाडी ठरवावी लागते. भाडं किलोमीटरवर की दिवसावर, टोल कुणाकडे, थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का, ड्रायव्हरचं जेवण कुणाकडे, हे चारही प्रश्न उचल देण्याआधी विचारा आणि उत्तरं वहीत लिहून गाडीवाल्याची सही घ्या. आमच्याकडून एकदा परत आल्यावर टोलचे पैसे वेगळे मागितले होते, तेव्हापासून सही घेते. मालाच्या पिकअपमध्ये उभं राहून जायचं नाही. स्वस्त पडतं, पण नाही म्हणजे नाही.

कुठे जायचं

फक्त देवस्थानांची सहल काढू नका. पाळी आली म्हणून देवळात न जाणाऱ्या बाया आपल्यात आहेत. ते बरोबर की चूक हा वाद सहलीच्या दिवशी सुटत नाही, आणि तोवर ती बाई गाडीत एकटी बसून राहते. तरण्या सुनांनी 'मला बरं नाही' म्हणून ऐनवेळी नाव काढलं की कारण बहुतेक हेच असतं. म्हणून एक ठिकाण देवाचं असलं तर दुसरं असं हवं, की जिथं सगळ्या जणी आत जातील.

आमच्या सातारा जिल्ह्यात अशी ठिकाणं भरपूर आहेत. खंडाळा तालुक्यातलं नायगाव हे सावित्रीबाईंचं जन्मगाव, ३ जानेवारी १८३१ चा जन्म. तिथं त्यांचं घर आणि स्मारक आहे. जयंतीच्या दिवशी मोठी गर्दी असते, त्यामुळे म्हाताऱ्या बाया बरोबर असतील तर दुसरा दिवस धरा, म्हणजे घरातून सावकाश फिरता येतं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे, पायऱ्यांवर बसून डबे खायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. कासचं पठार फुलांसाठी बघायचं तर सप्टेंबरच्या आसपास, पण आधी नोंदणी करावी लागते आणि पावसाचा नेम नाही.

काही शिकून यायचं असेल तर माण तालुक्यात म्हसवड. तिथली माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ साली सुरू झाली. आधीचा अर्ज नाकारला गेला होता, कारण सभासद होऊ पाहणाऱ्या बऱ्याच बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या अक्षरं शिकल्या आणि पुन्हा गेल्या. अशा संस्थेत जाताना महिनाभर आधी गटाच्या लेटरहेडवर पत्र द्या, किती जणी येणार आणि काय बघायचंय ते लिहा. न सांगता गेलं की फाटकातून फोटो काढून परत यावं लागतं.

आणि भिलार. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं हे गाव मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय. लोकांच्या राहत्या घरांत पुस्तकं ठेवली आहेत, एका घरात कविता, एकात चरित्रं, एकात संतसाहित्य. आपण जायचं, बसायचं, वाचायचं. आमच्यात काहींनी नाक मुरडलं, 'वाचता येत नाही त्यांनी तिथं काय करायचं?' आमच्या एक मावशी शाळेची पायरी न चढलेल्या, गटाच्या रजिस्टरवर अंगठा लावतात. संतसाहित्याच्या घरी त्या भिंतीला टेकून बसल्या. एका सुनेनं गाथा उघडून अभंग वाचायला घेतला, तर दुसऱ्या चरणापासून मावशीच पुढे म्हणायला लागल्या. सून गप्प झाली आणि मावशींच्या आवाजाबरोबर ओळीखालून बोट सरकवत राहिली. अभंग संपल्यावर मावशींनी विचारलं, "मी म्हणते तेच लिवलंय व्हय हितं?" मग 'विठ्ठल' कुठे लिहिलंय ते दाखवायला लावलं आणि त्या अक्षरांवर आपलं बोट ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. गाडीची वेळ झाली होती, पण मी कुणाला उठा म्हटलं नाही. त्या दिवशी दुसरं ठिकाण आम्ही सोडून दिलं.

घरी सांगणं

सहलीच्या आठ दिवस आधी मी घरोघरी जाते. सुनांशी बोलण्याआधी सासूबाईंशेजारी बसते, चहा घेते, कुठे जाणार, कशानं जाणार, किती वाजता परत येणार ते सांगते. त्याच गोष्टी आणि माझा फोन नंबर लिहिलेला कागद देते, तो त्यांच्या दाराच्या मागे लागलेला असतो. एका घरी सासूबाई ऐकेनात, तेव्हा मी म्हटलं, "आत्या, तुम्हीच चला की." त्या आल्या. पुढच्या वर्षी तारीख कधी आहे हे त्याच विचारत होत्या. जागा असेल तर दोन सासवा जरूर घ्या.

पहिल्या सहलीचं वेळापत्रक चुकलं होतं, तसं पुन्हा चुकलं आणि उशीर होतोय असं वाटलं, तर दुपारी तीनलाच घरी कळवा. सहा वाजून गेल्यावर केलेल्या फोनवर कुणाचा विश्वास बसत नाही.

डबा, पिशवी

दशम्या किंवा चपात्या ज्याच्या त्याच्या. शेंगदाण्याची चटणी एकीकडे, ठेचा एकीकडे, लोणचं आजींचं. रात्री दोनला उठून पुऱ्या तळायच्या नाहीत, तसं केलं की गाडीत ती बाई झोपते. माझ्या पिशवीत मळमळीची गोळी, आल्याचे तुकडे, पॅडचं पाकीट, जुनी वर्तमानपत्रं आणि सगळ्यांची नावं लिहिलेला कागद असतो. गाडी सुटण्याआधी प्रत्येक वेळी नावं वाचायची. नुसती डोकी मोजू नका, एकदा आम्ही दुसऱ्याच गावची बाई मोजली होती.

स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी विचारून ठेवा. बाया लाजून पाणी पीत नाहीत, दिवसभर तशाच राहतात आणि रात्री डोकं धरून झोपतात. सकाळी गाडीतच मी सांगते, की थांबा अमुक ठिकाणी आहे, तोवर पोटभर पाणी प्या.

वर्षभरातलं बाकीचं

सहल वर्षातून एकदा, मधे गावातच काही ना काही हवं. नवरात्रात हादगा, पौषात कुणाच्या तरी शेतावर हुरडा, एखाद्या महिन्यात उपकेंद्रात जाऊन सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासणं. एटीएमवर चौघीचौघींनी जाऊन स्वतःच्या हातानं पैसे काढणं, हीसुद्धा आमच्यासाठी सहलच होती. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा असते, तिला आम्ही एकाच रंगाच्या साड्या नेसून एकत्र जातो. पाण्याच्या टाकीचा विषय तिथंच लागला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते. आमच्या गटात तिघी विधवा आहेत. पूर्वी त्या दिवशी त्या आजारी पडायच्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो आम्ही बैठकीत वाचून दाखवला आणि त्या संक्रांतीला पहिलं कुंकू त्यांच्यातल्या थोरल्या काकूंना लावायचं ठरवलं. ऐनवेळी बोलावून कपाळाला हात लावू नका, त्या बाईला कानकोंडं होतं. आधी तिच्या घरी जा, तिच्याशी बोला, तिला नको असेल तर फक्त वाण द्या आणि शेजारी बसवा. काकूंनी आधी नको म्हटलं, मग सुनेकडे बघितलं. सून हसल्यावर त्यांनी कपाळ पुढे केलं. वाण म्हणून आम्ही मेथी, पालक आणि दोडक्याच्या बियांच्या पुड्या दिल्या होत्या. प्लास्टिकच्या डब्या आता कुणालाच नको आहेत.

हिशोब

परत आल्यावर पुढच्या बैठकीत पहिला विषय सहलीचा हिशोब. तिकिटं, पावत्या वहीत चिकटवलेल्या असाव्यात, मोठ्यानं वाचायच्या. जी येऊ शकली नाही तिचे ३६० तिच्या नावावर पुढच्या वर्षात ओढायचे, ते सगळ्यांत वाटून टाकायचे नाहीत. गेल्या सहलीचे ६१० रुपये उरले, ते नव्या वहीच्या पहिल्या ओळीत लिहिलेत. यंदा म्हशीच्या वहिनी येणार आहेत. त्यांच्या धाकट्या जावेनं दोन महिन्यांपासून रोज त्या म्हशीखाली बसायला सुरुवात केलीय, आणि परवा म्हशीनं तिला पान्हा सोडला.