मराठी-कन्नड वर्गासाठी गोष्टींची पुस्तकं जमवायची तर

पुस्तकं घ्यायला बाहेर पडायच्या आधी वर्गात एक वही फिरवा आणि प्रत्येक पोराला विचारा, घरात आई-आजी कशात बोलतात. आमच्या बेळगावकडच्या खानापूर साईडला फळ्यावर मराठी, बाजारात कन्नड, घरी कोण कोकणी कोण उर्दू, आणि गवळीवाड्यातली पोरं बोलतात ती मराठी पुस्तकातल्या मराठीपासून लांबच. ही यादी नसली की काय होतंय ते मी भोगलंय. लोकांना पुस्तकं द्या म्हणालो तर दोन पोती आली, निम्मे जुने गाईड आणि एकाच थोर पुरुषाची सात चरित्रं. नवीन घेतलेल्या चार पुस्तकांत सगळी पोरं फ्लॅटमधे राहणारी, लिफ्टनं वरखाली करणारी. एकीनं विचारलं, सर हे कुठल्या गावचं?

आता कन्नडचं. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत कन्नड पहिली नाहीतर दुसरी भाषा म्हणून आहेच, त्यामुळं मराठी माध्यमातली पोरं पण ती लिपी शिकतातच, पण धड्यापलीकडं कन्नड वाचायला हातात काय नसतंय. म्हणून जोड्या लावा, म्हणजे तीच गोष्ट, तीच चित्रं, एक प्रत मराठी एक कन्नड, आणि दोन्ही शेजारीशेजारी ठेवा. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेत एकच पुस्तक बऱ्याच भाषांत निघतंय, तिथं जोड्या मिळतात. दुसरं म्हणजे प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट, २०१५ पासून सुरू आहे, मराठी कन्नड कोकणी उर्दू सगळं फुकट उतरवून घेता येतंय आणि सोपं ते अवघड अशा चार पातळ्या लावलेल्या आहेत. छापून वाटलं तरी चालतंय, लायसन्स खुलं आहे, फक्त लेखक-चित्रकाराच्या नावाचं पान काढून टाकू नका. झेरॉक्सवाल्याकडं कव्हर तेवढं जाड कागदावर कलरमधे काढा, आतलं ब्लॅक अँड व्हाईट चालतंय, मधे दोन पिना.

पण सगळंच भाषांतर नको. भाषांतरात कधीकधी वाक्य लाकडासारखं होतंय, मोठ्यानं वाचलं की लगेच कळतं, कन्नडचं पुस्तक कन्नड शिकवणाऱ्या मॅडमकडून वाचून घ्या आणि त्या अडखळल्या की ते पुस्तक बाजूला. मूळ मराठीसाठी पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं बघा, मूळ कन्नडसाठी नवकर्नाटक प्रकाशनाची. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, त्यातल्या कविता तर काढाच.

निवडताना माझी एक सवय आहे, चाळताना बघतो यात काम कोण करतंय आणि घरात कोण बसलंय. आई प्रत्येक पानावर चुलीपुढं असली तर तसलं दुसरं घेत नाही. ऊसतोडीवाल्यांची पोरगी, मुसलमान घर, कुबडी घेऊन चालणारा पोरगा जो शेवटी पळायला लागत नाही, असली पुस्तकं शोधावी लागतात, आपोआप येत नाहीत.

मांडणी साधी ठेवा. मराठीला लाल टिकली, कन्नडला निळी, जोडीच्या पुस्तकांना दोन्ही. कपाटापेक्षा भिंतीवर सुतळी बांधून लटकवा, कव्हर दिसलं की हात जातोय. नोंदवही पोरांच्याच हातात द्या.

आणि जे कुठंच मिळत नाही ते वर्गातच करायचं. आजीची गोष्ट ती बोलते तशीच लिहायची, शुद्धलेखनाची लाल शाई बंद, समोरच्या पानावर कन्नड. आमच्यात एका पुस्तकात तूप आणि तुप्प समोरासमोर आलं, मग पोरं महिनाभर असले शब्दच हुडकत होती, अक्का, अण्णा, अज्जी. कन्नड पानं तपासायला मॅडमना जानेवारीतच सांगून ठेवा, मार्चमधे त्यांच्यामागं पेपर असतात.