घोड्यावरून पडताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त नडतो तो पुढे टाकलेला हात. तोल गेला की माणूस जमीन थोपवायला पंजा पुढे करतो, कोपर ताठ होतं आणि अख्ख्या अंगाचा भार मनगटातून वर कॉलरबोनपर्यंत जातो. दोन्हींपैकी काहीतरी मोडतंच.

विजापूर रोडच्या बाजूला आम्ही सराव घेत होतो. उसाचा हंगाम होता. इंजिनिअरिंगचा एक पोरगा पहिल्या दिवसापासून "सर, पळवू का ओ?" म्हणून मागे लागलेला. जमिनीवर लोळायचा सराव त्याने 'लहान पोरांचं काम' म्हणून टाळला. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून गेला, घोडी बिचकून बाजूला सरकली आणि हा डावीकडून घसरला. घोडी तेव्हा नुसती चालत होती, बरं का. पोरगा उठला, "काही नाही झालं" म्हणाला आणि मोबाईल काढायला खिशात हात घालू लागला, तर बोटंच वळेनात. मनगटात प्लेट बसली.

माझ्याकडे आधी दोन्ही हात छातीशी आणि हनुवटी आत. पाठ गोल करून खांद्यामागच्या मांसल भागावर पडायचं आणि घोड्यापासून लांब लोळत जायचं. हे आधी गुडघ्यावर बसून, मग उभ्याने, मग थांबलेल्या घोड्यावरून. गादीवरचा सराव मला पटत नाही. गादी सगळंच माफ करते. तालमीतली लाल माती बरी. कुस्ती खेळलेल्या पोराला यातलं फारसं सांगावंच लागत नाही.

दुसरी चूक पायातली. स्पोर्ट्स शूज घालून येतात, काही महाभाग तर फ्लोटर्स. पाऊल रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीतून, आरपार गेलं की माणूस पडतही नाही आणि सुटतही नाही, घोड्यामागे फरफटत जातो. टाचेचा, गुळगुळीत तळाचा बूट घाला. रिकीब बुटापेक्षा इंचभर रुंद हवी आणि तिच्यात फक्त चवडा टेकवा. घोडा चालत असताना मी मधेच "पाय!" असं ओरडतो, दोन्ही पाय एकदम बाहेर आले पाहिजेत. एकच काढलात तर दुसऱ्यावर लटकाल.

पडताना लगाम सोडा. घोडा पळाला तर पळू दे, वैरणीपाशी सापडतो.

उलटी चूकही आहे: घोडा जरा बिचकला की उडी टाकणारे. अहो, अयाळ धरा, खोगिरात मागे बसा, बहुतेक वेळा निभावतं.

अकलूजच्या बाजारातून हौसेने घोडा आणतात आणि डोक्याला मोटारसायकलचं हेल्मेट. ते जड असतं आणि या कामासाठी बनवलेलंही नसतं. घोडेस्वारीचंच घ्या, बकल लावा. एकदा जोरात आपटलं की चीर दिसो न दिसो, बदला.

एप्रिल-मेमध्ये भेगाळलेल्या काळ्या रानात नवख्याला बसवू नका. नांगरून पाणी मारलेला तुकडा शोधा.

आणि पडल्यावर लाजेने ताडकन उठू नका. आधी हाताची, पायाची बोटं हलवून बघा. मान किंवा पाठ दुखत असेल तर कुणालाही उचलू देऊ नका, हेल्मेटही काढू देऊ नका. 108 ला फोन. डोकं आपटलं असेल तर त्या दिवशी परत घोड्यावर बसायचं नाही. उलटी झाली, बोलणं तुटक झालं किंवा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागला, तर थेट दवाखान्यात न्या.