कॅन्सर पॅथॉलॉजिस्टचं रिसर्चचं काम कसं वाचायचं, नुसत्या एच-इंडेक्सवर भागत नाही

आमच्या मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत थेसिसचा सीझन आला की पॅथॉलॉजीचे (म्हणजे पेशी-ऊती तपासून रोग ओळखण्याच्या शाखेचे) रेसिडेंट येतात आणि म्हणतात, मॅडम अमुक सरांचा एच-इंडेक्स किती आहे जरा काढून द्या ना. एच-इंडेक्स म्हणजे एखाद्याच्या पेपरांचा संदर्भ इतरांनी किती दिला यावरून काढलेला आकडा, तो दोन मिनिटात निघतो. पण त्या आकड्यावरून गाइड कोण घ्यायचा, फेलोशिपला कुठे अर्ज टाकायचा हे ठरवणार असाल तर दोन मिनिटं पुरत नाहीत, एक अख्खी दुपार द्यावी लागते, आणि ती दुपार कशी घालवायची तेच इथे लिहितेय.

उदाहरण म्हणून डॉ. वसंत रामजी खानोलकर घेते. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं, तिथल्या लॅबोरेटरीज त्यांनी उभ्या केल्या, पुढे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरही, आणि भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. १८९५ चा जन्म, १९७८ मध्ये गेले. हयात माणसाचं उदाहरण मुद्दाम घेत नाही, कारण मग कोणाचा आकडा मोठा यावरच गाडी जाते. आणि दुसरं म्हणजे खानोलकरांचं काम असं आहे की नुसते आकडे बघणारा माणूस ते हमखास चुकीचं वाचतो.

सुरुवात नावापासून करा, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या फुकट ऑनलाइन यादीत, लेखकाचं पूर्ण नाव २००२ पासूनच्या नोंदींनाच मिळतं, त्याआधी फक्त आडनाव आणि आद्याक्षरं. आता आपल्याकडे पाटील एस, जोशी ए, कुलकर्णी एम असं टाकलं की काय होणार ते सांगायला नको. मी एकदा एका प्रमोशनच्या फाइलसाठी आकडा काढून दिला होता आणि त्यात दोन वेगळ्या माणसांचे पेपर एकत्र झाले होते, एक कॅन्सरवाला आणि दुसरा प्लांट पॅथॉलॉजीवाला, म्हणजे पिकांवरच्या रोगांचा. फाइल पुढे गेल्यावर लक्षात आलं, पत्र देऊन आकडा दुरुस्त केला, पण ते मला अजून लागून राहिलंय. तेव्हापासून मी प्रत्येक पेपरला तीन गोष्टी जुळवून बघते: संस्था कोणती, सहलेखक कोण, विषय काय. यातल्या दोन तरी जुळल्याशिवाय पेपर यादीत घेत नाही.

बायकांच्या बाबतीत अजून एक पायरी आहे. लग्नानंतर आडनाव बदलतं हे सगळ्यांना माहीत असतं पण मधलं अक्षरही बदलतं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, त्यामुळे एकाच बाईचे पेपर डेटाबेसमध्ये दोन वेगळ्या बायकांचे होऊन बसतात आणि दोघींचा आकडा लहान दिसतो. ओआरसीआयडी नंबर असेल तर (प्रत्येक संशोधकाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, ही सोय २०१२ पासूनची आहे) तिथून सुरू करा, नसेल तर सरळ फोन करून किंवा मेल टाकून विचारा, कोणी रागवत नाही, उलट बरं वाटतं त्यांना.

नाव नक्की झालं की जुने पेपर. पबमेडचा मुख्य भाग असलेल्या मेडलाइनची यादी साधारण १९४६ पासूनची आहे आणि सुरुवातीच्या वर्षांच्या बऱ्याच नोंदींना गोषवाराच नाही, नुसतं शीर्षक. खानोलकरांचा मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरवरचा पेपर, ओळीने आलेल्या १००० केसेसचा आढावा, 'कॅन्सर रिसर्च' या जर्नलमध्ये १९४४ ला आला. म्हणजे फक्त पबमेडच्या भरवशावर राहिलात तर त्यांच्या कामाची सुरुवातच हातातून निसटू शकते. मग गूगल स्कॉलरवर जायचं, पण तिथे जुने पेपर दोन-तीन वेळा दिसतात, एका नोंदीत स्पेलिंग चुकलेलं, दुसरीत साल चुकलेलं, आणि सायटेशन्स, म्हणजे इतर पेपरांनी दिलेले संदर्भ, त्या सगळ्या नोंदींमध्ये वाटल्या जातात. सगळ्यात वरच्या नोंदीचा आकडा उचलून मोकळं होऊ नका, खालपर्यंत जा आणि एकाच पेपरच्या नोंदी हाताने एकत्र करा.

आता एच-इंडेक्स. होर्हे हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो मांडला, अर्थ एवढाच की २० पेपर असे आहेत की प्रत्येकाला निदान २० सायटेशन्स आहेत, तर एच २०. एकदा वाढला की कमी होत नाही, त्यामुळे वय जास्त त्याचा आकडा साहजिकच जास्त, तीस वर्षं काम केलेल्या प्रोफेसरची आणि पाच वर्षांच्या लेक्चररची तुलना यावर करायचीच नसते. गूगल स्कॉलर आणि स्कोपस, वेब ऑफ सायन्स हे पैसे भरून वापरायचे डेटाबेस, तिन्हीकडे आकडा वेगळा येतो, स्कॉलरचा बहुतेक वेळा सगळ्यात मोठा, कारण ते थेसिस, पुस्तकं, प्रीप्रिंट सगळंच मोजतं. म्हणून आकडा लिहिला की शेजारी डेटाबेसचं नाव आणि तारीख लिहायचीच. तुमच्याकडे सबस्क्रिप्शन नसेल तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं आयसाइट नावाचं फुकट टूल आहे, ते पेपरची तुलना त्याच विषयातल्या त्याच काळच्या पेपरांशी करतं. त्यात १ आला म्हणजे एनआयएचच्या पैशातून झालेल्या पेपरांमधल्या मधल्या पेपरइतका. हा आकडा मला जास्त प्रामाणिक वाटतो, कारण किडनी ट्यूमरवर लिहिणारे थोडे आणि ब्रेस्ट कॅन्सरवर लिहिणारे ढीगभर, मग दोघांच्या कच्च्या सायटेशन्स शेजारी ठेवून काय कळणार.

इथपर्यंत सगळेच येतात. खरं काम पुढे आहे आणि ते म्हणजे कोणी, कशासाठी सायटेशन दिलं ते उघडून वाचणं. स्कॉलरमध्ये 'सायटेड बाय' वर क्लिक केलं की जी यादी येते तिच्या वर एक छोटा चौकोन असतो, तो टिक केला की फक्त त्या सायटेशन देणाऱ्या पेपरांमध्येच शब्द शोधता येतो. मी किमान पंधरा पेपर उघडते, पाच जुने, पाच मधले, पाच ताजे, आणि ज्या वाक्यात आपल्या माणसाचं नाव आलंय ते वाक्य वहीत उतरवते. आधी कोणीतरी म्हटलंय म्हणून नुसतं दिलेलं सायटेशन वेगळं, त्याची पद्धत वापरली म्हणून दिलेलं वेगळं आणि त्याचं चूक होतं हे दाखवायला दिलेलं वेगळं. आकड्यात तिन्ही सारखीच मोजली जातात.

खानोलकरांचे चार पेपर या पद्धतीने बघा. १९४४ चा वर सांगितला. १९४५ मध्ये सूर्याबाई यांच्यासोबत 'आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी'मध्ये लोकांच्या सवयी आणि कॅन्सर यावर पेपर आला, धोतर कमरेला घट्ट बांधून वर्षानुवर्षं जिथे घासतं तिथे होणारा कॅन्सर त्यात आहे, आणि आजही कोणी कमरेवरच्या साडी कॅन्सरची केस छापली की सहसा या पेपरपर्यंत मागे जातो. एवढ्या वर्षांनी तो पेपर जिवंत आहे तो मोठ्या जर्नल्समुळे नाही, छोट्या केस रिपोर्ट्समुळे. १९४९ चा तिसरा तर कॅन्सरवर नाहीच, संघवींसोबत मुंबईतल्या सहा समाजांमधल्या सात आनुवंशिक गुणांवरचा आहे, त्याला विचारतात ते मानववंशशास्त्र आणि जेनेटिक्सवाले. म्हणजे फक्त ऑन्कॉलॉजीचा फिल्टर लावून मोजलंत तर हा अख्खा पेपर गायब.

आणि चौथा १९५५ चा, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला, तंबाखू ओढणं आणि चघळणं यांचा तोंड, घसा, अन्ननलिका या भागातल्या कॅन्सरशी संबंध. डॉल आणि हिल यांचा सिगरेट आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरवरचा पेपर त्याच जर्नलमध्ये १९५० ला आला होता. तो जगाला माहीत आहे. पण आपल्याकडे लोक नुसती सिगरेट ओढत नव्हते, विडी होती, पानात तंबाखू होती, आणि मुंबईच्या या पेपरने तोच प्रश्न आपल्या माणसांच्या सवयींना लावला. या पेपरवर पहिलं नाव संघवींचं आहे, मग राव, शेवटी खानोलकर, त्यामुळे फक्त पहिल्या लेखकाचे पेपर मोजाल तर हाही हिशोबात येणार नाही. हाच पेपर पुढे जर्नल्सबाहेर, म्हणजे आयएआरसी (डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) मोनोग्राफ्स, सरकारी रिपोर्ट, गाइडलाइन्समध्ये शोधा, ते दस्तऐवज सायटेशन डेटाबेसमध्ये नीट मोजले जात नाहीत पण तंबाखूबद्दलचे निर्णय त्यांच्यावरूनच होतात.

पॅथॉलॉजीत हा प्रकार फार आहे. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरचं ग्रेडिंग मांडलं, आज रोज जगभरच्या रिपोर्टवर ग्लीसन स्कोर लिहिला जातो आणि त्यातल्या एकाही रिपोर्टमुळे त्यांच्या नावावर सायटेशन जमा होत नाही. पेपरमध्येसुद्धा लोक नुसतं ग्लीसन लिहून पुढे जातात, मूळ संदर्भ देतच नाहीत. तसंच डब्ल्यूएचओच्या ट्यूमर वर्गीकरणाच्या निळ्या पुस्तकांचं. एखाद्या पॅथॉलॉजिस्टने महिनोन्महिने घालून त्यात एका ट्यूमरवर लिहिलं तरी लोक सायटेशन देतात ते अख्ख्या पुस्तकाला, संपादक मंडळाच्या नावाने. म्हणून पुस्तकाच्या आतली लेखकांची यादी स्वतः उघडून बघायची. याच्या उलटही असतं, अनेक संस्थांनी मिळून केलेल्या, शंभर-दोनशे लेखकांच्या कन्सॉर्शियम पेपरात स्लाइड्स पाठवल्या म्हणून नाव आलं की हजारो सायटेशन्स एकदम जमा होतात, तेव्हा पेपरच्या शेवटी कोणी काय केलं हे लिहिलेलं असतं ते वाचा.

शिष्य बघायला विसरू नका, रेसिडेंटसाठी मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएचडी केली आणि पुढे स्वतःचं टिश्यू कल्चरचं काम उभं केलं, त्यांच्या नावावर स्वतंत्र पेपर आहेत. तुमच्या होणाऱ्या गाइडचे विद्यार्थी पहिले लेखक होतात का, सोडून गेल्यावर त्यांचं स्वतःचं काही छापून येतं का, हे यादीतून अर्ध्या तासात कळतं.

एक तपासणी नकोशी वाटते पण करायचीच. स्लाइडचे फोटो आणि ब्लॉट (प्रथिनं तपासण्याच्या चाचणीची चित्रं) यांच्यात गडबड झालेले पेपर निघतात, त्यामुळे नाव पबपियरवर, जिथे लोक छापलेल्या पेपरांवर शंका मांडतात, आणि रिट्रॅक्शन वॉचच्या मागे घेतलेल्या पेपरांच्या डेटाबेसमध्ये टाकून बघा. एखादा पेपर मागे घेतलेला दिसला तर कारण पूर्ण वाचा, प्रामाणिक चूक स्वतः कळवून मागे घेणारी माणसंही असतात आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे.

आणि पेशंटचे नातेवाईक हे वाचत असतील तर, सेकंड ओपिनियनसाठी डॉक्टर निवडताना यातलं काही वापरू नका. सायटेशनवरून स्लाइड कशी वाचतात ते कळत नाही, तिथे त्या अवयवाच्या किती केसेस रोज बघतात हे विचारा.

सरावाला १९५५ चा तोच पेपर घ्या. बीएमजेचे जुने अंक पबमेड सेंट्रलवर फुकट आहेत आणि पेपर फक्त चार पानांचा आहे. आधी तो पूर्ण वाचा, तक्त्यांसकट, मगच सायटेड बाय उघडा.