मे महिन्यात शेततळ्यातला अमोनिया कसा मोजावा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. केळीच्या बागेशेजारी शेततळ्यात गोड्या पाण्यातली कोळंबी सोडली असेल, तर अमोनियाच्या किटआधी थर्मामीटर काढा. थंडीत निभावून गेलेला आकडा उन्हाळ्यात घात करतो.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. त्यातला मुक्त अमोनिया खरा जहाल, तो कल्ल्यांतून सरळ शरीरात शिरतो. किट मात्र दोन्हींची बेरीज दाखवतं. सामू (पाण्याचा पीएच) ८ असताना २० अंशांना या बेरजेतला सुमारे ३.८ टक्के भाग मुक्त असतो, ३० अंशांना ७.५ टक्के. म्हणजे आकडा तोच, विष दुप्पट.

मोजमाप दुपारी तीन-चारला करा. सकाळचं फसवतं, कारण दिवसभर शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि सामू चढत जातो. ३० अंशांना सामू ८.५ झाला की मुक्त वाटा २० टक्क्यांवर जातो. थर्मामीटर दोरीने हातभर खाली सोडा. तापमान, सामू, अमोनिया तिन्ही एकाच वेळी वहीत लिहा.

मासे मजेत दिसतात म्हणून निर्धास्त राहू नका. हे मी मुद्दाम बजावून सांगतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३ साली अमोनियाची मर्यादा नव्याने ठरवली, तेव्हा शिंपले आणि गोगलगायी सर्वांत नाजूक ठरल्या. पाणी तापेल तशी कोळंबीसारख्या कणा नसलेल्या जिवांची अमोनिया सोसायची ताकद घटते. माशांत तसा ठळक फरक दिसत नाही. त्या मर्यादा सामू ७ आणि २० अंशांसाठी सांगितलेल्या आहेत, आपल्या तळ्याला जशाच्या तशा लावू नका.

आकडा चढला की आधी खाद्य थांबवा. उरलेलं खाद्य आणि विष्ठा यांतूनच अमोनिया तयार होतो. मग तळाचं थोडं पाणी काढून पहाटे विहिरीचं पाणी सोडा. त्याचा सामू मात्र आधी तपासा, तळ्यापेक्षा जास्त असेल तर उलटंच होईल. पाइप उंच धरा, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो आणि तो घटला की अमोनिया आणखी बाधतो, म्हणून एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्रभर चालू ठेवा.

चुना अजिबात टाकू नका, सामू वाढेल. युरियाची टाकीही तळ्यात धुऊ नका.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी मोजा. आकडा उतरला तरच खाद्य द्या, तेही निम्मं. काठावर गोगलगायी पाण्याबाहेर चढलेल्या दिसल्या, तर दुपारची वाट न बघता लगेच पाणी तपासा.